'ग' गणपतीचा, 'न' न्यायालयाचा

पहिलीतल्या पोराला 'ग' गणपतीचा शिकवायला कोणती पदवी लागते? उत्तर मिळायला पाच वर्षं लागली. २८ जून २०१८ रोजी शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या एनसीटीईने अधिसूचनेचं फर्मान काढलं: पहिली ते पाचवीला बी.एड.वालेही चालतील, फक्त नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करावा. म्हणजे आधी चाळीस पोरं सांभाळा, मग ती कशी सांभाळायची ते शिका! प्राथमिकसाठीच शिकलेले डी.एड.वाले साहजिकच खवळले. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बी.एड. मोठी खरी, पण लहान मुलांसाठी ती नाहीच. (हे कुठल्याही बालवाडीतल्या बाईंनी चहा संपेपर्यंत सांगितलं असतं, तेही फुकट.)

तेवढ्यात टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, झेंगट आलं. सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल म्हणतो, सेवा पाच वर्षांहून जास्त उरली असेल तर जुन्या गुरुजींनीही दोन वर्षांत ही परीक्षा पास करावी. दीडशे प्रश्न, दीडशे गुण. वर्गात 'अभ्यास करा रे' म्हणून घसा कोरडा केलेले गुरुजी आता रात्री मुलीच्या टेबलावर गाइड उघडून बसलेत, आणि 'बाबा, मोबाइल ठेवा' असं तीच दरडावतेय. जनगणना, निवडणूक, खिचडीचा हिशेब यांवर मात्र एकही प्रश्न नाही. तिथे पात्रता सिद्धच आहे.

निवृत्तीला पाच वर्षंही न उरलेल्यांना सूट आहे. बढती हवी असेल, तर त्यांनाही टीईटी.