गव्हाएवढा दिवा

मागची काच तापवायचं बटण आमच्या गाडीत गेल्या आषाढात विझलं. बटण चालत होतं. दाबलं की काच तापायची, काचेवरचं बाष्प विरायचं, सगळं व्यवस्थित. फक्त रात्री त्या बटणावरचं हिरवं चित्र दिसेनासं झालं. म्हणजे बिऱ्हाड जागेवर, दारावरची पाटी तेवढी पडलेली.

"मग त्यात दुरुस्त काय करायचं?" बायको म्हणाली. "पंचवीस वर्षं दाबताय ते बटण. अंधारात सापडत नाही का?"

सापडतं. डोळे मिटून सापडतं.

"आणि गीझरच्या बटणातला लाल दिवा दोन वर्षं गेलाय, त्याचं काय?"

गीझरचं वेगळं आहे. गीझर सोसायटीच्या भिंतीवर आहे, सोसायटीची भिंत बिल्डरने बांधली आहे, आणि बिल्डरच्या कामात ढवळाढवळ करू नये असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. हे मी बोललो नाही. मी "बघतो" म्हणालो. आमच्या घरात "बघतो" या शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे.

गाडीचं नाव सांगत नाही. एक तर कंपनीने ती बनवणं केव्हाच बंद केलंय, आणि इतकी वर्षं निमूट संसार केलेल्या कुणाचंही नाव असल्या किरकोळ तक्रारीत गोवू नये. १९९९ सालची आहे एवढं पुरे. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन तिची पुन्हा नोंदणी करावी लागली, आता दर पाच वर्षांनी करावी लागते, आणि दर खेपेला ग्रीन टॅक्स भरावा लागतो. ग्रीन टॅक्स भरणाऱ्या गाडीतला हिरवा दिवा विझलेला असणं मला सरकारशी अप्रामाणिकपणा केल्यासारखं वाटू लागलं, हे कारण मी त्यातल्या त्यात गंभीरपणे सांगू शकतो.

पार्किंगचे दिवे लावले की डॅशबोर्डवरची सगळी बटणं एकदम उजळतात. दिवाळीच्या माळेसारखी त्यांची जोडणी एकापाठोपाठ एक नसते. त्या माळेत एक बल्ब गेला की अख्खी माळ सुतकात जाते. इथे प्रत्येकाला आपापला वीजपुरवठा असतो. एक गेला तरी बाकीचे शेजारी पेटलेले राहतात. त्यामुळे एकच बटण विझलं की ते जास्तच डोळ्यांवर येतं. सगळी विझली असती तर फ्यूज गेला म्हणून सोडून दिलं असतं.

आणि हिरवाच दिवा का? मीही हा विचार या बटणापायीच प्रथम केला. माणसाच्या डोळ्याला भर उजेडात सगळ्यात तीव्र जाणवतो तो पिवळसर हिरवा, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा. अंधारात हा कल निळसर हिरव्याकडे, ५०७च्या आसपास सरकतो. म्हणजे कुठूनही मोजा, हिरव्याला मरण नाही. तरी बीएमडब्ल्यूने नारिंगी धरला, फोक्सवॅगनने नव्वदच्या दशकाच्या शेवटी निळा आणला. आमच्या गाडीला हिरवा मिळाला.

आमच्या डॅशबोर्डवर तीन बटणं मात्र कधीच विझत नाहीत, कारण ती बटणं नाहीतच. आम्ही मधलं मॉडेल घेतलं होतं. वरच्या मॉडेलात जिथे धुक्याचे दिवे वगैरे लावायची बटणं असतात, तिथे आमच्याकडे काळी कोरी झाकणं आहेत. पंगतीत पान मांडावं आणि वाढपी पुढे निघून जावा, तशी ती पंचवीस वर्षं बसली आहेत. १९९९ साली कर्जाचा हप्ता कितीपर्यंत झेपत होता, हे आमच्या गाडीत बसणाऱ्या कोणालाही ती तीन झाकणं सांगतात.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं. तिथल्या मुलाने काँप्युटरवर बराच वेळ शोधलं आणि सांगितलं, "काका, बल्ब सुटा येत नाही. पूर्ण स्विच बदलावा लागतो." बरं, पूर्ण स्विच द्या. "स्विच आता येत नाही." या दोन वाक्यांपैकी दुसरं आधी सांगितलं असतं तर माझी तीन मिनिटं वाचली असती.

मग एका रविवारी सकाळी मी स्वतः बसलो. इंटरनेटवरची जाणकार मंडळी सांगतात की डॅशबोर्ड उचकटायला लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, ओरखडे पडतात; प्लास्टिकची खास पाचर मिळते ती वापरावी. अशी पाचर आमच्या घरी होती. नॉन-स्टिक तव्याचं नायलॉनचं उलथनं. धिरडं उलटायला जे लागतं तेच इथे लागतं: पातळ कड, थोडा धीर, आणि खालून हलकेच. फरक एवढाच की धिरड्याला मागून सहा क्लिपा नसतात.

आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह सोडवली. त्याबरोबर घड्याळ बारावर गेलं आणि रेडिओला स्मृतिभ्रंश झाला. गाडी घेतली तेव्हा या रेडिओबरोबर एक चार आकडी कोड आला होता. रेडिओ चोरीला गेला तर चोराला तो वाजवता येऊ नये म्हणून. तो कोड मी अत्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवला आहे. चोराला तर सापडणार नाहीच.

मग उलथनं. पहिली क्लिप सुटली. दुसरीही. तिसरी "कट्" म्हणाली. जुन्या गाडीच्या आतलं प्लास्टिक उन्हात वर्षानुवर्षं भाजून पापडासारखं होतं, आणि त्याच्या "कट्"ला उपाय नसतो. चौथी आणि सहावीही तशीच गेली. पाचवी शाबूत राहिली; का, ते तिचं तिला माहीत.

बटणाच्या पाठीला एक चिमुकला होल्डर असतो. पाव वळसा फिरवला की बाहेर येतो. त्यात तो बसलेला होता. पाच मिलिमीटर जाडीचा, १.२ वॅटचा काचेचा बल्ब. याच्याहूनही लहान असतात, त्यांना इंग्रजीत गव्हाचा दाणाच म्हणतात. आमचा गव्हातला जरा थोराड, खपली म्हणा. आणि त्याच्या डोक्यावर हिरव्या रबराचं टोपडं! इतकी वर्षं मी समजत होतो की दिवा हिरवा आहे. दिवा पांढराच होता, पिवळटसर, चारचौघांसारखा. कोणीतरी त्याला बारशाला घालतात तसं टोपडं चढवलं होतं. ते काढलं तेव्हा बल्बची काच आतून काळी झालेली दिसली. टंगस्टनची तार तापून तापून कणाकणाने उडते आणि काचेवर जाऊन बसते. शेवटी तार इतकी बारीक होते की तुटते. पंचवीस वर्षं जळून मागे एवढीशी काजळी. मी तो बल्ब खिशात ठेवला. टाकवेना.

मुलगी येऊन पाहून गेली. "बाबा, एवढ्याशासाठी एवढं उघडलंत?" तिच्या आवाजात तिच्या आईचा आवाज मिसळलेला होता.

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत वीज या विषयातलं जे पाहिजे ते मिळतं, आणि जे नको तेही घेऊन माणूस घरी येतो. पुण्याच्या दुकानदारांबद्दल लोक काय काय सांगतात, पण हे गृहस्थ इतके गोड बोलले की मी सावध झालो. बल्ब त्यांनी भिंगाखाली धरला. म्हणाले, "हा देतो, पण कशाला? एलईडी घाला. तुम्ही जाल, तो जाणार नाही." यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, ते मालाचं वर्णन होतं.

एलईडी दोन रुपयांचा. याचा लाल अवतार १९६२ सालीच निघाला होता, पण झगझगीत निळा काही केल्या जमत नव्हता. जपानमध्ये आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी तो जमवला आणि २०१४ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी म्हणजे या निळ्यावर चढवलेला पिवळा लेप. दुकानदाराने मला पांढरा घेऊ दिला नाही. "टोपड्यातून निळसर दिसेल. सरळ हिरवा घ्या." मग रेझिस्टर. एलईडीला तीन व्होल्ट पुरतात आणि चालत्या गाडीत चौदा येतात, तेव्हा मधल्या अकरांना अडवायला दारात कोणीतरी उभा करावा लागतो.

"एक किलोओहम न्या," ते म्हणाले.

मी ४७० मागितला. निम्म्याहून कमी अडवणारा. एवढा खटाटोप करतोय तर उजेड जरा पडू दे, असा विचार. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ४७० दिला. गोड माणूस.

मोडलेल्या क्लिपांसाठी जुन्या बाजारात गेलो. तिथे एकाच्या चादरीवर गाड्यांच्या बटणांचा ढीग होता, आणि त्या ढिगात आमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं बटण. धुक्याच्या दिव्यांचं. त्याच्यावरचं ते चित्र, दिवा आणि पुढच्या रेघांना छेदणारी एक नागमोडी रेघ, मी पंचवीस वर्षांपूर्वी शोरूममध्ये शेजारच्या गाडीत पाहिलं होतं. घासाघीस केली नाही. क्लिपा घ्यायच्या राहिल्या.

त्यानंतर आला तो डाग. कथलाने सांधण्याला आपल्याकडे डाग देणं म्हणतात. सोनार देतो, तांबट देतो, आणि मी दिला. पंचवीस वॅटची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, मांडीशेजारी, नाकावर चाळिशी, एका हातात चिमटा, दुसऱ्यात कथलाची तार, आणि इस्त्री धरायला तिसरा हात नाही. देवांना चार हात का दाखवतात हे अशा वेळी कळतं. एलईडीला दोन पाय असतात, लांब तो पॉझिटिव्ह, आखूड तो निगेटिव्ह. जुन्या बल्बला असली सोवळी-ओवळी नव्हती, कसाही घाला, पेटायचा. एलईडी उलटा लावला तर चिडून फुटत नाही, ओरडत नाही, नुसता गप्प बसतो. तीन वेळा गप्प बसला. चौथ्यांदा माझ्या लक्षात आलं की पाय कापून मी दोन्ही सारखे करून ठेवलेत. दरम्यान एकूण डाग पाच पडले: दोन एलईडीला, एक पायजम्याला, एक सीटकव्हरला, आणि एक बैठकीतल्या टीपॉयला, जो अजून कोणाला दिसलेला नाही.

काम झाल्यावर एकच बटण करून थांबणारा माणूस मी असतो तर मुळात सुरुवातच केली नसती. एक कोरं झाकण काढलं, तिथे धुक्याचं बटण बसवलं, शेजारच्या बटणातून उजेडाची तार ओढून घेतली आणि त्यातही एक हिरवा एलईडी ठेवून दिला. हे बटण गाडीतल्या दुसऱ्या कशालाही जोडलेलं नाही. दाबलं की "टक्" वाजतं, एवढंच त्याचं कार्य. पण चढवलेलं दिसत होतं मोठं झोकात. भर दुपारी पार्किंगमध्ये डोक्यावरून टॉवेल घेऊन मी डॅशबोर्डकडे बघत बसलो. वॉचमन दोनदा येऊन गेला.

त्याच आठवड्यात साताऱ्याला एका साखरपुड्याला जायचं होतं. परतताना अंधार पडला. मी काही न बोलता दिवे लावले आणि वाट पाहिली.

खंबाटकीचा बोगदा गेला, शिरवळ गेलं. मी डिमर फिरवून डॅशबोर्डचा उजेड कमी केला, रात्रीच्या प्रवासात करतो तसा. बाकीची बटणं सौजन्याने मंद झाली. माझी दोन तशीच ढळढळीत राहिली. डिमर जुना, बल्बांच्या भुकेच्या हिशोबाने बेतलेला; व्होल्ट जरा तोडले की बल्बचा उजेड भराभर उतरतो. थोडक्यात भागवणाऱ्या एलईडीचा तेवढ्याने कितीसा उतरणार? वर माझा रेझिस्टर ४७०चा. पुढच्या काचेत दोन हिरवे ठिपके अधांतरी तरंगू लागले, आणि बायकोचा चेहरा नाटकात कपटी माणूस आला की टाकतात तसल्या उजेडात न्हाऊन निघाला.

"हे काय डोळ्यात जातंय?"

"काच तापवायचं बटण. दुरुस्त झालं."

"आणि त्याच्या बाजूचं?"

"धुक्याचे दिवे."

"आपल्या गाडीला धुक्याचे दिवे आहेत?"

"बटण आहे."

ती काही बोलली नाही. समोरची झडप खाली केली. झडपेमागच्या आरशावर तिच्या टिकल्यांची रांग असते; लग्नं, मुंजी, साखरपुडे उरकून परत येताना एकेक तिथे लागत गेलेली. त्यातली एक मोठी मरून रंगाची तिने नखाने सोडवली, धुक्याच्या बटणावर नेमकी मधोमध लावली, आणि अंगठ्याने दाबून बसवली. मग दुसरी शोधायला लागली.

"काचेच्या बटणाला जरा लहान चालेल," मी म्हणालो.