पसाऱ्याचा प्राथमिक परिचय

घरातला सर्जनशील खेळ म्हणजे मुलाने चार भिंतींच्या आत, हाती लागेल त्या वस्तूचा तिच्या नेमून दिलेल्या कामाशी संबंध तोडून केलेला वापर. यालाच ‘पसारा’ असंही म्हणतात. पहिला शब्द पालकसभेत चालतो, दुसरा घरी.

सोलापूर जिल्ह्यात हे मुख्यतः उन्हाळी पीक आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या होटगीसारख्या गावात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि अकरा ते पाच पोरांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. जुन्या माळवदाच्या घरात दुपार निभावून जाई, कारण मातीचं जाड छत ऊन अडवी. आता डोक्यावर स्लॅब किंवा पत्रा आहे, त्यामुळे पंख्याखालची जागा ही घरातली सगळ्यात मोक्याची जमीन ठरली आहे. खेळ तिथेच मांडायचा असतो आणि मोठ्यांनाही तिथेच आडवं व्हायचं असतं. घरातले बहुतेक सीमावाद या भूगोलातून निघतात.

बांधकामाचं मूळ साहित्य म्हणजे सोलापुरी चादर. भौगोलिक मानांकन मिळवलेला हा माल दोन्ही बाजूंनी वापरता येतो, पण तंबू म्हणून त्याचा तिसरा वापर जाहिरातीत सापडत नाही. दोन खुर्च्यांवर चादर टाकली की ती आपल्याच वजनाने घसरते. मग कडेला पाट ठेवतात, पाटावर डबा आणि डब्यावर वरवंटा. वजन आणि तोल यांचा हा धडा बहुधा वरवंटा पडण्याच्या आवाजाने संपतो आणि आतल्या खोलीतून विचारणा येते : “काय करलालास बे तिथं?” या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर ‘काय नाही’ असं आहे.

होटगी हे रेल्वेचं जंक्शन. सोलापूरहून आलेला लोहमार्ग इथे दुभंगतो. एक वाडीकडे जातो, दुसरा विजयपूरवरून गदगकडे. गदगचा फाटा पूर्वी मीटर गेज होता, म्हणजे रुंद रुळांवरून आलेल्याला गाठोडं उचलून इथे गाडी बदलावी लागे. अशा गावात चपलांची गाडी आणि काडेपेट्यांची गाडी एकमेकींना जोडू नये, हे पोरांना सांगावं लागत नाही. चिंचोक्यांचे प्रवासी चपलेतून उतरतात, काडेपेटीत चढतात, त्यातला एखादा कपाटाखाली राहून जातो. उद्घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजीत होते, आणि आजीसाठी कानडीतही. गाडी उशिरा धावत असल्याबद्दल खेद व्यक्त करण्याचा भाग मुलं सर्वांत निष्ठेने वठवतात. कुणाला बाहेर जायला चपला लागल्या की जंक्शन उठतं.

चिंचोक्याला दुसरंही काम असतं. तो एका बाजूने दगडावर घासला की आतला पांढरा भाग दिसतो. असे चार चिंचोके म्हणजे चार कवड्या. फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरं आखली की चल्लस-आठचा पट झाला. चारही उताणे पडले तर चार, पालथे पडले तर आठ. खर्च शून्य, आणि म्हणूनच ही वस्तू वाढदिवसाला देता येत नाही. सरकारचंही तिच्याकडे लक्ष गेलेलं नाही. आयात खेळण्यांवरचं शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची झाली. चिंचोका दोन्हींतून सुटला.

आता प्रोत्साहनाविषयी. मूल गप्प खेळत असताना मोठ्या माणसाने जवळ बसून “अरे वा! हे काय केलंस?” असं विचारणं हा त्याचा प्राथमिक प्रकार. उत्तर आलं, ‘घर’. पुढचा प्रश्न, ‘मग दार कुठंय?’ इथून खेळाची तोंडी परीक्षा होते. प्रगत प्रकारात दुकानातून सर्जनशीलतेचा संच आणतात. त्याच्या झाकणावर तयार वस्तूचं चित्र असतं, म्हणजे निर्मिती आधीच उरकलेली असते. मुलाच्या वाट्याला फक्त मजुरी येते. वस्तू पूर्ण झाली की ती शोकेसमध्ये जाते. शोकेसला कुलूप असतं, कारण मुलं हात लावतात.

मोबाइल हा या क्षेत्रातला प्रतिस्पर्धी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. घरोघरी याची अंमलबजावणी घड्याळावर न होता बॅटरीवर होते. मुलांना घरात कसं रमवावं याचे व्हिडिओही आता भरपूर मिळतात. ते चालू असताना मुलांनी शांत बसायचं असतं.

महाराष्ट्रात या विषयाचा अभ्यास झालेला नाही असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग शंखशिंपले, बिया, पानं यांनी ती जागा घेतली. आयआयटीतून बाहेर पडलेले अभियंते अरविंद गुप्ता काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून भूमिती शिकवू लागले, आणि पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात कचऱ्यातून खेळणी करत बसले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री. राष्ट्राला पसारा मान्य आहे. तो हॉलमध्ये नको, एवढंच.

पाचच्या पुढे ऊन कलतं आणि दार उघडतं. पोरं गल्लीत पांगतात, जंक्शन जागच्या जागी ओस पडतं. घरातल्या दोन वडीलधाऱ्यांना खडूचा पट पुसायचा असतो, पण चार चिंचोके हाताशीच असल्याने पुसणं दिवेलागणीपर्यंत लांबतं. तंबूला मात्र मुदतवाढ मिळत नाही. रात्री गच्चीवर झोपायला चादर लागते.