नाकापेक्षा मोती हलका

"नाकापेक्षा मोती जड होईल रे," असं बाबा सांगलीहून फोनवर म्हणाले, तेव्हा मी जय्यत तयारीत होतो. माझ्या एमजीबी जीटी गाडीचं मूळचं १७९८ सीसीचं चार सिलिंडरी इंजिन बिडाचं, आणि मी बसवणार असलेलं ३५२८ सीसीचं रोव्हर व्ही-८ ॲल्युमिनियमचं. आकड्याने जवळजवळ दुप्पट, वजनाला उलट हलकं! बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण मूळचं चालत नव्हतं का?"

चालत होतं. कुरकुर न करता चालत होतं, हीच तर अडचण होती. कॉव्हेंट्रीत मोटारींच्या गावी राहायचं, दिवसभर संगणकापुढे बसायचं आणि हाताला कधी ग्रीस लागायचं नाही, याची मला लाज वाटायला लागली होती.

शिवाय खूळ एकट्या माझं नव्हतं. ब्युइकने १९६१ साली अमेरिकेत आणलेलं हे इंजिन जनरल मोटर्सने दोन-तीन वर्षांतच टाकून दिलं. रोव्हरने १९६५ साली त्याचे हक्क घेतले आणि पुढे २००४पर्यंत लँड रोव्हरच्या गाड्यांत ते धडधडत राहिलं. केन कॉस्टेलो नावाच्या रेसरने कंपनीच्या आधीच ते एमजीबीत बसवून दाखवलं. मग खुद्द एमजीने १९७३ ते १९७६ दरम्यान अशा २५९१ गाड्या काढल्या. हा इतिहास मला तोंडपाठ आहे. आमच्याकडे एकदा जेवून गेलेल्यांनाही आहे. त्याआधी कंपनीने तीन लिटरचं बिडाचं सहा सिलिंडरी धूड घालून एमजीसी काढली होती आणि तिचं नाक खरोखरच जड झालं होतं. हे मात्र मी बाबांना सांगितलं नाही.

माझी गाडी १९७५ची, काळ्या रबरी बंपरवाली. शौकीन मंडळी या बंपरांकडे बघून नाक मुरडतात, पण त्या सुमाराच्या बॉडीत व्ही-८पुरती जागा आधीच केलेली असते. म्हणजे इंजिन सोडलं की बसलं, अशी माझी समजूत. शेजारचे आजोबा निवृत्त फिटर. त्यांनी काही न बोलता खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि दाराखालच्या पत्र्यावर हलकेच टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

या गाडीला वेगळी चासी नाही. दाराखालचे पोकळ पट्टे, म्हणजे सिल, तिचा कणा असतात. माझ्या गाडीचा कणा रंगाच्या भरवशावर उभा होता. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवी पट्टी वेल्ड करावी लागते, नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि दारं जन्मात लागत नाहीत. आजोबांनी पट्टी मारली, पट्टे कापले, नवे जोडले. मी टॉर्च धरला. टॉर्च धरण्याच्या कामात मी आता चांगलाच तयार झालोय, एवढं सांगून ठेवतो.

मग इंजिन. क्रेनला लोंबकळत ते खाली आलं, छान बसलं, आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याला जाऊन भिडला. म्हणजे गाडी जोरात पळणार, फक्त वळणार नाही. दुसरा मॅनिफोल्ड आणला. गिअरबॉक्स रुंद निघाला, म्हणून गाडीच्या तळातला त्याचा बोगदा ठोकून मोठा केला. रेडिएटर पुढे सरकवला. ब्रेक मोठे हवेत, क्लच मोठा हवा, मागचा ॲक्सलही जुन्या इंजिनच्या हिशेबाचा. मोठं काहीच घ्यावं लागलं नाही, असं एकच खातं उरलं होतं, बँकेतलं.

याच सुमारास सासूबाई आल्या. दसऱ्याला झेंडूचा हार घेऊन गॅरेजमध्ये उतरल्या. गाडी चार स्टँडांवर, नाकाड उघडं, दिवे काढलेले.

"जावईबापू, हिचं तोंड कुठल्या बाजूला?"

मी दाखवलं. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. लिंबू हातात घेऊन त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"चाकं?"

चाकं पावडर कोटिंगला गेली होती. लिंबाचं संध्याकाळी सरबत झालं.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा इंजिन लागलं, पण धाडधाड फटाके फोडत. समोरच्या घरातलं कुत्रं सोफ्याखाली गेलं, ते जेवायलाच बाहेर आलं. फायरिंग ऑर्डर मी भिंतीवर लिहून ठेवली होती: १-८-४-३-६-५-७-२. प्लगच्या वायरी त्याच क्रमाने लावल्या होत्या, पुन्हा तपासल्या, बायकोकडूनही तपासून घेतल्या. तिने आकडे वाचले आणि एवढंच विचारलं, "लॉटरी आहे का?" आजोबांनी डोकावून पाच आणि सातच्या वायरी एकमेकींपासून लांब केल्या. हे दोन सिलिंडर शेजारी, आणि पेटतातही लागोपाठ. वायरी चिकटून गेल्या तर पाचाच्या ठिणगीने सातात अवेळी जाळ होतो. फटाके बंद. त्यानंतर तो आवाज आला. घशातून, खोल, भरदार. मी खरंच रडलो असतो, पण हातात टॉर्च होता.

पुढच्या खेपेला सासूबाई जानेवारीत आल्या. बायको गाडीत बसायला तयार नव्हती, त्या झाल्या. टिव्हिडेलच्या बालाजीला निघालो. मोकळ्या रस्त्यावर गाडी अशी झेपावली की त्यांनी डोळे मिटून विष्णुसहस्रनामच सुरू केलं. मग एम-सिक्सवर वाहतूक तुंबली. जागच्या जागी उभं राहणं व्ही-८ला मानवत नाही. काटा चढू लागला. रेडिएटरचे दोन्ही पंखे कोकलत होते, तरी काटा चढतच होता. अशा वेळी एकच जुना उपाय असतो: हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनची आग थोडी तरी आत येते. मी सोडला. बोगद्यातूनही धग येत होती ती वेगळीच. माझा शर्ट पाठीला चिकटला, चष्म्यावर घाम ओघळला.

सासूबाईंनी शाल बाजूला केली, पाय लांब केले आणि लेकीला फोन लावला.

"अगं, माझे गुडघे दुखतात ना, म्हणून जावईबापूंनी मुद्दाम हीटर लावलाय. स्वतः घामाघूम झालेत बिचारे, पण बंद करत नाहीत."