जंजिऱ्यानं पाणी पाजलं

मुरुडचा जंजिरा शिवाजी महाराजांना घेता आला नाही. संभाजीराजांनी तर समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली, तरी तो हाती लागला नाही. पेशव्यांनीही हात टेकले. मी नुसते त्याचे फोटो घ्यायला गेलो होतो. जंजिऱ्याला तेवढंही चाललं नाही.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटते आणि किल्ल्याच्या दारापाशी येऊन लाटांवर खालीवर होत राहते. तिथे नावाडी एकेकाला हात देऊन पायरीवर ओढून घेतो. 'साहेब, आधी हात द्या,' असं तो मला स्वच्छ मराठीत म्हणाला होता. पण दरवाजाची अशी काही फ्रेम जमून आली होती की एक पाय होडीत आणि एक पायरीवर अशा अवस्थेत मी बटण दाबलं. होडी बाजूला सरली. नावाड्यानं दंडाला धरून मला वाचवलं. कॅमेरा वाचवणं बहुधा तिकिटात धरलेलं नसावं. पट्टा गळ्यात का नव्हता, हे बायकोनं तिथल्या तिथे, चाळीस माणसांदेखत विचारलं. पट्टा मळू नये म्हणून मी तो घरी कपाटात ठेवला होता.

होडीतल्या एका पोरानं पायरीलगतच्या पाण्यातून कॅमेरा काढून दिला. अशा वेळी करायचं ते अगदी सोपं असतं. बॅटरी आणि कार्ड लगेच बाहेर काढायचं, कॅमेरा अजिबात चालू करायचा नाही आणि तो समुद्रात पडलेला असेल तर आधी गोड्या पाण्यानं, मिळालंच तर डिस्टिल्ड वॉटरनं, चक्क धुवायचा. भिजलेली वस्तू पुन्हा भिजवायला जीव धजत नाही, पण घात करतं ते मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार आतच मुक्काम करतात आणि हवेतला दमटपणा ओढत बसतात. त्यात बॅटरीचा प्रवाह मिळाला की सर्किटवरचं तांबं बघता बघता सडतं.

हे सगळं मला पुढे कळलं. त्या क्षणी मी 'चालतोय का बघू' म्हणून बटण दाबलं.

आणि तो चालला! घर्र करून लेन्स निम्मी बाहेर आली, पडदा उजळला. 'बघ, काही झालेलं नाही,' असं मी बायकोला म्हणेपर्यंत पडदा काळा झाला आणि लेन्स जिथल्या तिथे अडकली. मग ती आत जावी म्हणून परत दाबलं. मग बाहेर यावी म्हणून. बोटीवरचे लोक किल्ला सोडून माझ्याकडे बघायला लागले.

डोंबिवलीला घरी आल्यावर सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. तांदळात ठेवा, म्हणाल्या. कोणत्या, यावर चर्चा झाली. आंबेमोहोर त्यांनी हातही लावू दिला नाही. 'यंत्राला काय चव कळतेय?' म्हणत रेशनचे काढले. मोकळ्या हवेत ठेवण्यापेक्षा तांदूळ फारसं काही जास्त करत नाहीत. त्यांची पूड मात्र उघड्या फटीतून मनापासून आत जाते. आमच्या कॅमेऱ्यात तर एक अख्खी कणी शिरली. हलवला की तो खुळखुळ्यासारखा वाजतो.

मग मी हेअर ड्रायर आणला. ओल गेली की नाही ते समजलं नाही, पण कडेचं रबर गोंदासकट माझ्या हातात आलं.

शेवटी चष्म्याचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. बॅटरी काढली की वीज संपली, असा माझा दहावी सायन्सचा आत्मविश्वास. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब बराच वेळ टिकून राहू शकतो, हे मला थेट करंगळीतून शिकायला मिळालं. मी मागच्या मांडणीवर आदळलो आणि मांडणीवरची परात माझ्यावर. बायको आतून म्हणाली, 'म्हणजे फ्लॅश चालू आहे.'

बोरा बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं चिमट्यानं झाकण उचललं, आतला हिरवा थर पाहिला आणि एकच शब्द उच्चारला, 'समुद्र?' मी मान हलवली. 'चालू केला होता?' मी म्हटलं, एकदाच. त्यानं चष्म्यावरून असं पाहिलं की मी खरा आकडा सांगून टाकला. मग त्यानं कणी काढून माझ्या तळहातावर ठेवली. दुरुस्तीच्या पैशात नवा येईल, हा त्याचा निकाल.

कार्ड मात्र धडधाकट निघालं. त्यातली चिप प्लास्टिकात बंद असते, त्यामुळे धुऊन वाळवलं की ते बहुधा वाचतं. कलालबांगडी तोफेचा फोटो अर्थातच नाही, कारण तोफ किल्ल्यात आत आहे. शेवटच्या फोटोत तिरकं आभाळ, माझा उजवा बूट आणि नावाड्यानं पुढे केलेला हात एवढं अतिशय स्पष्ट आलंय.

आता घरात त्या मॉडेलचा चार्जर आणि एक जादा बॅटरी पडून आहे. दोन्ही कोरडी आहेत. कुणाला उपयोग असेल तर खुशाल घेऊन जावं. पैसे नकोत, सासूबाईंचे दोन किलो तांदूळ मात्र भरून द्यावे लागतील.