काटकसर कोथिंबिरीपासून

महागाईची पहिली सुनावणी भाजीच्या गाडीपुढे होते आणि आरोपीच्या पिंजऱ्यात नेहमी कोथिंबीर असते. पावसाळ्यात जुडी पन्नास रुपयांवर गेली की मराठी ग्राहक आधी जुडीकडे बघतो, मग भाजीवाल्याकडे, मग आजूबाजूला कोणी साक्षीदार मिळतो का ते. त्याला पन्नास रुपये झोंबतातच, पण खरी कळ वेगळीच असते. अर्धा किलो भेंडीवर दोन मिरच्या आणि चार काड्या कोथिंबीर फुकट मिळणं हा त्याच्या लेखी घटनेनं दिलेला हक्क असतो. ‘वरून टाका की थोडी’ म्हटल्यावर भाजीवाला नुसता हसला, की महागाई घरापर्यंत आली असं समजावं.

त्या रात्री जेवणानंतर हिशेबाची वही उघडते आणि अंदाजपत्रकाची बैठक भरते. दोनातला एक पेपर बंद होतो. सफरचंदांची जागा केळी घेतात. बाहेरचं खाणं ‘या महिन्यापुरतं’ थांबतं आणि आजोबांच्या दुपारच्या दुसऱ्या चहाकडे सगळे रोखून बघू लागतात. घराचा हप्ता, शाळेची फी आणि मेव्हण्याच्या लग्नातला आहेर हे विषय मात्र पटलावर येतच नाहीत. फीवाढीचं पत्रक हातात पडल्यावर ‘मॅडम, शेवटचं किती घेणार?’ असं विचारणारा पालक अजून जन्माला यायचा आहे. जिथे घासाघीस चालत नाही तिथे मुकाट पैसे भरायचे आणि जिथे चालते तिथे सगळा सूड उगवायचा, या तत्त्वावर हजारो संसार उभे आहेत. म्हणून पन्नास हजारांचा हप्ता बिनबोभाट जातो आणि पाच रुपयांच्या आल्यावरून वाद पेटतो.

सरकारचीही एक वही आहे.  ग्राहक किंमत निर्देशांकाच्या ज्या मालिकेनं दशकभराहून अधिक काळ देशाची महागाई मोजली, तिचं पायाभूत वर्ष २०१२ होतं आणि तिच्यात खाण्यापिण्याला ४५.८६ टक्के वजन होतं. त्या यादीत घोडागाडीचं भाडं होतं, कॅसेटी होत्या. घरभाडंही होतं, गृहकर्जाचा हप्ता मात्र नव्हता. म्हणजे महिन्याचा अर्धा पगार ज्यात जातो तो आकडा बाहेर, आणि टांगा आत.

याच मालिकेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के सांगितला. इतका कमी दर तिनं पूर्वी कधी पाहिला नव्हता. बातमी वाचून नवऱ्यानं पेपरमधून मान वर काढली आणि ‘महागाई संपली म्हणे’ असं जाहीर केलं. स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही, फक्त डबा आपटल्याचा आवाज आला. दर उतरणं म्हणजे भाव चढण्याचा वेग मंदावणं, एवढंच. वर्षभरापूर्वी जो भाव होता त्याच्या तुलनेत हे मोजतात, आणि २०२५ मध्ये भाज्याच आपटल्या होत्या. पण २०२५ च्याच जानेवारीत एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं होतं. फेब्रुवारीत मुंबईच्या रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं आणि मे महिन्यात बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट पाचाचं दहा. घरचा माणूस भेंडीतून ऑफिसला जात नाही, बसनं जातो.

सरकारी आकडा आणि घरचा अनुभव यांचं जमत नाही, हे रिझर्व्ह बँकेलाही ठाऊक आहे. तिचं एक सर्वेक्षण घराघरांत जाऊन ‘तुम्हाला महागाई किती वाटते?’ असंच विचारतं, आणि लोक जो आकडा सांगतात तो सरकारी आकड्याहून चढाच निघत आला आहे. एकोणीस शहरांच्या त्या यादीत मुंबई आणि नागपूर आहेत, पुणे नाही. पुणेकराला मत विचारायला माणूस कशाला पाठवायचा, असा व्यवहारी विचार त्यामागे असावा.

पूर्वी असलं मत रस्त्यावर येऊन मांडत. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीतून उभ्या राहिल्या आणि मुंबईत लाटणं घेतलेल्या बायकांचे मोर्चे निघाले. रिकाम्या थाळ्या वाजल्या, मंत्र्यांना घाम फुटला. आज तसा मोर्चा काढायचा तर आधी लाटणं शोधावं लागेल, कारण पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून येतात. दुसरा मार्ग शांततेचा होता. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करायची पद्धत रुजवली. धान्य वाटून घ्यायला शेजारणी एकत्र जमत. त्यात गूळ कमी आणि गप्पा जास्त वाटल्या जात असतील, पण पैसे वाचत.

आताची काटकसर मोबाइलवर होते. घरात फक्त जिरं संपलेलं असतं. तीस रुपये पोहोचणावळ वाचावी म्हणून जिऱ्यासोबत चिप्स, आइस्क्रीम आणि कशासाठी ते नंतर ठरेल अशी एक बरणी मागवली जाते. दहा मिनिटांत सगळं दारात हजर होतं आणि तीस रुपये वाचल्याचं समाधान दोन दिवस टिकतं. याची नोंद वहीत ‘जिरं’ अशीच होते. खरा हिशेब शोधणाऱ्यानं कोथिंबीर सोडून या ओळीवर बोट ठेवावं.

आणि दुसरं बोट पाकिटावर. पाच रुपयांचं बिस्किट वर्षानुवर्षं पाच रुपयांचंच राहिलं, ते आतली बिस्किटं गुपचूप हलकी होत गेली म्हणून. भाव न वाढवता भाववाढ करायची ही युक्ती उघडी पडावी यासाठी नियमानं आता एमआरपीसोबत दर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भावही छापावा लागतो. तो शोधायला नजर बारीक हवी. तेव्हा पुढच्या वेळी वाण्याकडे जाताना पिशवीबरोबर चष्माही न्या, दोन पाकिटं शेजारी ठेवा आणि तो बारीक आकडा वाचा. मागची रांग ओरडेल, ओरडू द्या.