बँडात नाव द्यावं का?

मराठवाड्यातल्या शाळेच्या बँडला पुण्या-मुंबईकडच्या बँडपेक्षा एक दिवस जादा काम असतं. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे हे सगळ्यांनाच असतात. आमच्याकडं त्यात १७ सप्टेंबरची भर. १९४८ साली त्या दिवशी निजामानं शरणागती पत्करली आणि देशाच्या मागून तेरा महिन्यांनी आम्ही स्वतंत्र झालो. उशिरा मिळालं म्हणून त्याचं झेंडावंदनही आम्ही वेगळं करतो, आणि झेंडावंदन म्हटलं की बँड आलाच. तेव्हा आमच्या तेलगावातल्या मुलानं बँडात नाव द्यायचं म्हणजे जेमतेम महिन्याभरात दोनदा कॅनव्हासचे बूट पांढरे करायची तयारी ठेवायची.

हा प्रश्न आमच्या घरात यंदा जुलैत निघाला. भाची आठवीत आहे. दप्तर कोपऱ्यात टाकता टाकता तिनं विचारलं, "मामा, बँडमदी नाव देऊ का?" मामाला विचारलं याचा अर्थ आई नाही म्हणणार हे तिला ठाऊक होतं. आईनं वेळ न दवडता ते खरं केलं. "अभ्यासाच्या नावानं बोंब, अन् म्हणं बँड! आठवीला एनएमएमएसची स्कॉलरशिप असती." दाजींनी वर्तमानपत्रातून मान वर न करता एवढंच विचारलं, "बूट कोण देणारंय, शाळा का आपण?" आणि आजी म्हणाली, "वाजवायला वाजंत्री हायेत की गावात."

खरं तर आवाजाची तेलगावाला कधी टंचाई नव्हती. बीडहून परळीला जाणारा आणि माजलगावहून धारूरला जाणारा असे दोन रस्ते आमच्या चौकात एकमेकांना छेदतात, आणि चारी बाजूंचा प्रत्येक ड्रायव्हर आपण आल्याचं हॉर्न वाजवून सांगतो. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरची भर पडते. त्यावरचे स्पीकर ट्रॅक्टरला धक्का देण्यासाठीच बसवले असावेत असं वाटण्याइतके मोठे असतात. एवढ्या गलक्यात तीस-पस्तीस पोरांनी मैदानावर एका तालात वाजवायचं म्हणतात, हे मला तरी धाडसाचं वाटतं.

आईचा मुद्दा अभ्यासाचा, दाजींचा खर्चाचा. त्यांना उत्तरं देता येतात. आजीचा मुद्दा मात्र तिनं पुरता बोलून दाखवला नव्हता. गावात वाजवणाऱ्यांची घरं ठरलेली होती. लग्न, वरात, पोळा, देवीची पालखी, हलगीवाचून यातलं एकही पार पडत नसे, आणि हलगीवाल्याला जेवायला मात्र मांडवाच्या कडेला, शेवटच्या पंगतीला. वाजवणं हवं, वाजवणारा लांब बरा, असा तो हिशेब. शाळेचा बँड या हिशेबाची काहीही चर्चा न करता तो मोडून टाकतो. पीटीचे सर साईड ड्रमच्या काड्या देतात त्या ज्याच्या हातात ठेका आहे त्याला. मग होतं असं, की ज्यांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या हलगी वाजली त्या घरचं पोरगं ठेका चुकवतं, आणि ज्यांनी ती वाजवली त्या घरचं पोरगं त्याला थांबवून म्हणतं, "आरं, तसं न्हाई, आसं." सर तिकडं पाठ करून उभे असतात. मला वाटतं, मुद्दामच.

आजीला मी सांगून पाहिलं, की २६ जानेवारीला दिल्लीत राष्ट्रपतींसमोर जे वाजतं तेही बँडच असतं. ती म्हणाली, "ते सरकारी हायेत." सरकारी नोकरीत वाजवलेल्या ढोलाला तिच्या लेखी कसलंच उणेपण नाही. मग मी तिला झारखंडातल्या पटमदाच्या मुलींचं सांगितलं. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाच्या त्या मुलींचा पाइप बँड २०२५ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या संचलनात वाजला. शाळांच्या बँडसाठी आता देशपातळीवर स्पर्धा होते आणि तीत मुलींचे गट वेगळे असतात, हेही सांगितलं. आजीनं विचारलं, "तिथवर न्यायला गाडी कोन देतं?" म्हणजे ती निम्मी पाघळली होती.

आता नाव द्यायचं तर कशासाठी, हा खरा पेच. मोठा ढोल धिप्पाड पोरासाठी राखीव असतो. तो गळ्यात घेतला की पुढचं काही दिसत नाही, आणि तरी साऱ्या रांगेचा डावा पाय याच्याच 'ढम'वर पडायचा असतो. तेज चालीत मिनिटाला साधारण १२० पावलं, म्हणजे साठेक वेळा ढम. या गतीनं आमच्या गावात एरवी माणूस फक्त एसटी सुटत असली तरच चालतो. साईड ड्रम सगळ्यांना हवा असतो. तो कमरेला तिरपा बसतो आणि गुडघ्याला आपटत राहतो, त्यामुळं वाजवणारा पहिला महिनाभर खेकड्यासारखा चालतो. बासरीला श्वास लागतो आणि श्वास चालताना पुरत नाही. झांजा वाजवणाऱ्याला वाटतं आपलं काम सोपं आहे. एकदा त्याची झांज एक मात्रा आधी वाजली की ते सोपं नाही हे सगळ्या गावाला कळतं. आणि पुढं काठी घेऊन चालणारा ड्रम मेजर. त्याला काहीच वाजवावं लागत नाही आणि फोटो मात्र त्याचाच छापून येतो. समाजात इतरत्रही हे पद असतं.

राहिला ट्रँगल. बँडात घ्यायचं तर आहे, पण द्यायला दुसरं काही उरलं नाही, अशा मुलाच्या हातात तो देतात. मला या वाद्याविषयी पहिल्यापासून जिव्हाळा आहे. अठराव्या शतकात युरोपातल्या राजांना तुर्की फौजेच्या वादनाचं वेड लागलं, आणि मोठा ढोल, झांजा यांच्या जोडीनं ट्रँगलही त्यांच्या पलटणींत किणकिणू लागला. पुढं फ्रान्झ लिस्टनं आपल्या पहिल्या पियानो कन्चेर्टोत ट्रँगलला ठळक जागा दिली. ती रचना १८५५ साली वायमारला पहिल्यांदा वाजली. व्हिएन्नाचे टीकाकार हान्सलिक यांनी तिची 'ट्रँगल कन्चेर्टो' म्हणून टर उडवली. पियानोवर दहा बोटं पळत असताना व्हिएन्नाच्या टीकाकाराला ऐकू आला तो ट्रँगल. लोखंडाच्या एका वाकवलेल्या सळईनं याहून जास्त काय करायचं?

इंग्रजांच्या पलटणींबरोबर ही वाद्यं इकडं आली, पलटणीतून लग्नाच्या वरातीत गेली आणि शाळेतही. सतारीला जसं मिरज, तसं बँडच्या वाद्यांना उत्तर प्रदेशातलं मेरठ. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासून या धंद्यात आहे. शाळेच्या कपाटात पत्र्यापितळेचं जे काही असतं, ते बहुधा कुठून ना कुठून या मेरठचं नातं सांगतं. धूनही पलटणीचीच. 'कदम कदम बढाये जा' ही चाल कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांनी आझाद हिंद सेनेसाठी बांधली. हुकूमही पलटणीचे आणि तेही हिंदीत: तेज चल, कदम ताल, थम. हिंदीच्या तासाला खिडकीबाहेर बघणारी पोरं 'थम' म्हटल्यावर जागच्या जागी थिजतात, ही भाषाशिक्षणाची पद्धत कुणी अभ्यासली पाहिजे.

लेझीम हा दुसरा रस्ता होता. आईनं तो सुचवूनही पाहिला, कारण लेझमीला बूट लागत नाहीत. लेझीम काही कमी मानाची नाही, १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगलीकडच्या पथकांनी ती साऱ्या जगाला दाखवली आहे. पण लेझमीत शंभर जण असतात आणि एखाद्याचा हात उलटा पडला तरी तो खपून जातो. भाची म्हणाली, "तिथं कुणाला कळतच न्हाई आपण हाये का न्हाई ते." मला हे फार पटलं. चूक झाली तर ऐकू आली पाहिजे, ही मागणी आठवीतली मुलगी करते आहे. आपण मोठी माणसं तर आयुष्यभर शंभरांची लेझीम शोधत असतो.

माझं मत बनलं ते मात्र एका सरकारी आदेशामुळं. राष्ट्रगीताविषयी केंद्रीय गृह मंत्रालयाचे आदेश आहेत, त्यात बँडसाठी एक सूचना आहे. बँडवर राष्ट्रगीत वाजणार असेल तर आधी ड्रमचा रोल द्यायचा, संथ चालीच्या सात पावलांइतका. तो हळू सुरू करायचा, होईल तितका चढवायचा, मग उतरवत आणायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू आला पाहिजे. मग एक ठोका शांतता. मग ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत. रोल कशासाठी, तर लोकांना कळावं की आता राष्ट्रगीत सुरू होतंय.

आता हे आमच्या मैदानावर आणून बघा. खुर्च्यांत सरपंच बसलेत, संस्थेचे लोक बसलेत, तालुक्याहून आलेले पाहुणे फोनवर बोलताहेत, मागं कुणी दुचाकी सुरूच ठेवली आहे. सूत्रसंचालक दोनदा "कृपया शांतता" म्हणालेत आणि त्याचा काही उपयोग झालेला नाही. मग कोपऱ्यातून ड्रमचा रोल सुरू होतो. फोन खाली येतात. दुचाकी बंद होते. चौकाच्या बाजूला चहा पीत असलेला माणूस पेला ठेवून सरळ उभा राहतो. हे सगळं तेरा वर्षांच्या दोन पोरांच्या काड्यांवर. आमच्या गावात याहून कमी शब्दांत इतक्या मोठ्या माणसांना उभं करणारा अधिकार मला तरी दुसरा माहीत नाही. तो कुणाच्या पोरीला मिळणार असेल तर बुटाचे पैसे मामानं द्यावेत. मी तसं सांगितलं, आणि दाजींनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. आमच्या घरात याला संमती म्हणतात.

पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मला लागली. आमच्या घरात बूट, स्कॉलरशिप, आजी, लेझीम असा खल चालला, तोवर भाचीच्या वर्गातल्या काही मुलांनी कुणालाही न विचारता पहिल्याच दिवशी नावं देऊन टाकली होती. ती बहुतेक धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवरून येणारी. त्यांना निर्णय लांबवून चालत नाही. तेलगावात सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिकडं गाळप सुरू होतं, उसाच्या गाड्या गावात येऊ लागतात, आणि त्याच दिवसांत याच भागातली माणसं लोकांचा ऊस तोडायला कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. पोर आजीजवळ राहतं, नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात, आणि दोन्ही जमलं नाही तर आईबापाबरोबर फडावर.

त्यामुळं बँडाची रांग १५ ऑगस्टला भरलेली असते, १७ सप्टेंबरलाही असते. २६ जानेवारीला ती विरळ होते. ऑगस्टात ज्यानं रोल दिला तो पोरगा तेव्हा कुठल्या तरी कारखान्याच्या कोप्यांवर धाकट्या भावाला सांभाळत असतो. सरांना हे पाठ आहे, म्हणून ते जुलैपासूनच प्रत्येक वाद्याला दोन-दोन मुलं तयार करतात. कोट एकच असतो. तो दिवाळीनंतर दुसऱ्याच्या अंगावर जातो, बाह्या लांब होतात किंवा आखूड.

भाचीनं नाव दिलं. आठवडाभर विचार केल्याचा परिणाम म्हणून साईड ड्रम संपले होते, तिला ट्रँगल मिळाला. दिवाळीनंतर ड्रम मिळेल असं सर म्हणालेत. तो कुणाचा मिळेल हे तिला माहीत आहे, त्यामुळं त्या बातमीनं ती काही फार हरखली नाही.

तेव्हा तुमच्या घरात कुणी विचारलं तर हो म्हणा, आणि जुलैतच म्हणा. शाळांतल्या सरांना मात्र माझी वेगळी विनंती आहे. १ मेला ऊन फार असतं, शाळा सुटलेली असते, मुलं जमत नाहीत, हे सगळं खरं. तरी त्या दिवशी वाद्यं कपाटात कुलूप लावून ठेवू नका, आणि ऑगस्टात ज्यांनी वाजवलं त्यांना घरी निरोप धाडा. तोवर गाळप संपून कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात, ऊसतोडीच्या टोळ्या गावी आलेल्या असतात.