घरमालकांचा क्षयमास

पंचांगातला क्षयमास, म्हणजे गळालेला महिना, दुर्मीळ. 1982-83 साली एक येऊन गेला, त्यानंतर आलेला नाही. भाड्याच्या घरात मात्र तो दरसाल न चुकता पाळतात, कारण लिव्ह अँड लायसन्सचं वर्ष अकरा महिन्यांचंच असतं. बारावा कुठे गेला म्हणून विचारावं, तर एजंट सांगतो, 'वर्षाचा केला की रजिस्टर करावा लागतो.' ही समजूत 1908 च्या नोंदणी कायद्यातली, आणि तिथेही मुदत वर्षाच्या पुढे गेली तरच सक्ती. इकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची; चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे जी नोंदणी टाळायला अकराचा आकडा शोधला, तीच नोंदणी निमूट अंगठा टेकवून करायची आणि मुदत पुन्हा अकराच लिहायची. देव कधीच उठून गेला, नैवेद्य चालू आहे.

नैवेद्य कुणाच्या पोटात जातो ते हिशेब मांडला की दिसतं. अकरा वर्षांत बारा करार बसतात. म्हणजे नोंदणीची एक खेप जास्त, एजंटची दलाली एकदा जास्त, आणि 'दहा टक्के वाढवून द्या' हे वाक्यही एकदा जास्त. अकरा महिन्यांना दहा टक्के म्हणजे वर्षाला जवळपास अकरा. वीस हजारांचं घर पाच नूतनीकरणांत 32,210 वर जातं, आणि त्या काळात घरात बदल होतो तो एवढाच की नळ आधी थेंब-थेंब गळायचा, आता सलग गळतो. हे दहा टक्के कुठून आले? कायद्यात नाहीत. कलम 11 मध्ये वर्षाला चार टक्के आहेत, पण ते भाडेकरूसाठी; आणि लिव्ह अँड लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नाही. भाडं भरतो, दिवाळीला मालकाकडे मिठाई पाठवतो, वर सोडताना भिंतीच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापून घेतो, तरी भाडेकरू नाही! दहा टक्के आले ते एजंटच्या कॉम्प्युटरमधल्या मसुद्यातून. त्यात फक्त नावं बदलतात. महागाई वाढली तरी दहा, मंदी आली तरी दहा. निदान अकरा तरी करा, मुदतीशी जुळेल.

मालकांची बाजू आहे, आणि ती सगळीच खोटी नाही. 1947 च्या भाडे कायद्यानं भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, चाळी मोडकळीला आल्या, माणसं पिढ्यान्‌पिढ्या हलली नाहीत. ती धास्ती अजून आहे. पण ती धास्ती भाडेकरूची होती. लायसन्सवाला मुदत संपूनही बसला तर 1999 च्या कायद्याच्या कलम 24 नुसार दुप्पट भरपाई त्याच्या गळ्यात पडते, मुदत अकरा महिन्यांची असो वा छत्तीस. महागाईचं म्हणाल तर ती करारात आधीच लिहिता येते: दुसऱ्या वर्षी इतकी, तिसऱ्या वर्षी इतकी. मग दर अकरा महिन्यांनी माणसाला टेम्पोची भीती दाखवायची गरज उरत नाही. अडचण नेमकी तीच आहे. भीती उरली नाही तर दहा टक्के मागायचे कशाच्या जोरावर?

पुढचा मसुदा सहीला आला की मुदतीच्या रकान्यात 36 लिहून मागा. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांकाचा दर एकच आहे: पाव टक्का.